‘व्हर्च्यू’ : एका शब्दाचीं स्थित्यंतरें



इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘व्हर्च्यू’ ह्या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो चटकन् ‘सद्गुण’ असें सांगतो. उत्तर बरोबर आहे. परंतु हा अर्थ त्या शब्दाच्या उतारवयांतला आहे. त्याचें बालपण आणि तारुण्य अगदीं निराळ्या संगतींत गेलें. त्या प्रवासांत ह्या शब्दानें काय मिळविलें व काय गमावलें, तें आज आपणांपुढें मांडावें, असा माझा विचार आहे.

शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत पुरुषाला ‘विर्’ म्हणत. आपल्या संस्कृतांतील ‘वीर’ हा त्याचाच सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजींतहि ह्याच कुळांतला ‘वेर्’ हा शब्द पुरुष ह्या अर्थीं होता. आतां तो स्वतंत्र उरला नाहीं; पण लांडग्याचें रूप घेणाऱ्या माणसाच्या ‘वेअरवुल्फ’ ह्या नांवांत, आणि ‘वर्ल्ड’ ह्या आपल्या नित्याच्या शब्दांत, तो दडून बसला आहे.

‘विर्’पासून ‘विर्तुस्’ झालें. ह्याचा अक्षरशः अर्थ पुरुषपणा. आणि लढाऊ रोमन लोकांच्या दृष्टीनें पुरुषपणा म्हणजे रणांगणांत पाय मागें न घेणें. ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास सिसेरोनें लिहून ठेवलें आहे कीं, हा शब्द ‘विर्’वरूनच निघाला, धैर्य हा पुरुषाचा विशेष धर्म, आणि मरणाची व वेदनेची पर्वा न करणें हीं त्या धैर्याचीं दोन मुख्य कामें. मौज अशी कीं, व्याकरणांत हा शब्द स्त्रीलिंगी! त्यामुळें रोममध्यें ह्या गुणाला देवत्व मिळालें, तेव्हां त्याची देवी झाली. रोमन नाण्यांवर ती शिरस्त्राण घालून, हातीं शस्त्र घेऊन उभी असलेली दिसते.

पुढें ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्यें आणतांना ‘आरेते’, म्हणजे श्रेष्ठत्व, ह्या ग्रीक शब्दासाठीं रोमन लेखकांनीं ‘विर्तुस्’ हाच शब्द योजिला. तेव्हां शौर्य हें त्याचें सर्वस्व न राहतां शहाणपण, न्याय, धैर्य व संयम ह्या चारांपैकीं एक होऊन बसलें. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं त्यांत श्रद्धा, आशा आणि प्रेम ह्या तिघांची भर घालून संख्या सात केली. ज्या शब्दाचा अर्थ एके काळीं तलवारीशीं बांधलेला होता, तो आतां मठांतील निःशस्त्र साधूलाहि शोभूं लागला. देहाच्या बळाकडून मनाच्या बळाकडे झालेली ही चढण होय.

सगळेच शब्द असे चढतात, असें मात्र नाहीं. जुन्या इंग्रजींत ‘थ्यू’ हा अस्सल देशी शब्द रीत, आचरण ह्या अर्थीं होता, आणि पुढें चांगलें वळण, सद्गुण ह्या अर्थानें तो वापरीत. शेक्सपिअरच्या नाटकांत तो भेटतो तो शरीराच्या ताकदीच्या अर्थानें. आणि एकोणिसाव्या शतकांत सर वॉल्टर स्कॉटनें त्याला पुन्हां प्रचारांत आणलें, तेव्हां त्याचा अर्थ निव्वळ स्नायू एवढाच उरला. एक शब्द दंडांतून मनांत गेला, दुसरा मनांतून दंडांत उतरला.

‘व्हर्च्यू’ फ्रेंचांच्या मार्फत तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला, तो आपल्याबरोबर शक्ति हाहि अर्थ घेऊन आला. चौदाव्या शतकांत चॉसरनें पावसाच्या ज्या सामर्थ्यानें फूल जन्मास येतें, त्याला हाच शब्द लाविला. १६११ च्या बायबलांत एक आजारी स्त्री येशूच्या वस्त्राला स्पर्श करते, तेव्हां त्याच्यांतून जें निघून गेल्याचें त्याला जाणवतें, तेंहि ‘व्हर्च्यू’च. १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत तेथें ‘पॉवर’ हा शब्द घालावा लागला; कारण जुना अर्थ तोंपर्यंत वाचकांस अपरिचित झाला होता. औषधी वनस्पतींच्या गुणालाहि इंग्रज हाच शब्द लावीत. आपल्या आयुर्वेदांत द्रव्याच्या रस, वीर्य व विपाक ह्यांचा विचार होतो. ‘वीर’पासून निघालेलें ‘वीर्य’ पराक्रमाकडून औषधीच्या शक्तीपर्यंत कसें पोंचलें, हें पाहिलें म्हणजे दूरदूर गेलेलीं दोन भावंडें एकाच वाटेनें चाललीं ह्याचें नवल वाटतें.

आतां ह्या कथेंतील सल सांगतों. मनाच्या उंचीवर गेलेला हा शब्द स्त्रियांच्या बाबतींत मात्र हळूहळू आंखडत गेला. १७४० सालीं सॅम्युअल रिचर्डसन ह्याची ‘पामेला’ ही कादंबरी निघाली. तिच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘व्हर्च्यूला मिळालेलें बक्षीस’ असा. पंधरा वर्षांची एक मोलकरीण धन्याच्या जुलमापुढें आपलें कौमार्य राखते, आणि बक्षीस काय, तर त्याच धन्याशीं लग्न! तिचें धैर्य, तिची बुद्धि, तिचें लिहिणें हें सारें कादंबरींत आहे; पण मथळ्यांतील शब्द बोट दाखवितो तो एकाच गोष्टीकडे. पुढच्याच वर्षीं हेन्री फील्डिंगनें ह्या कल्पनेची टर उडविणारें पुस्तक लिहिलें. तरी शब्दाचा तो संकोच कायमच राहिला. पुरुषाच्या ‘व्हर्च्यू’त सात गुणांचा हिशेब, आणि स्त्रीच्या ‘व्हर्च्यू’त एकाचाच.

हें ऐकून इंग्रजांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. ‘शील’ आणि ‘चारित्र्य’ हे आपले शब्द किती विशाल! परंतु ‘त्याचें चारित्र्य’ म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें सचोटी, त्याग, निःस्पृहता उभी राहते. आणि ‘तिचें चारित्र्य’ म्हटलें कीं, आपला आवाजच बदलतो. शाळेंत निबंध तपासतांना हा फरक मीं पुष्कळदां पाहिला. आदर्श मुलाच्या वर्णनांत धाडस व सत्यप्रियता असे; आदर्श मुलीच्या वर्णनांत विनय आणि मर्यादा. मुलें हें घरींदारीं ऐकूनच लिहीत होतीं.

१७९२ सालीं मेरी वुलस्टनक्राफ्ट ह्या बाईंनीं स्त्रियांच्या हक्कांवरील आपल्या ग्रंथांत ह्याच दुखण्यावर बोट ठेविलें. त्यांनीं स्वतः शाळा चालविली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, सद्गुण हा खरोखर सद्गुण असेल तर त्याचें माप स्त्रीला एक व पुरुषाला एक असें असूं शकत नाहीं. आणि ज्याला विचार करण्याचें शिक्षण नाहीं, स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची मुभा नाहीं, त्याच्याकडून सद्गुणाची अपेक्षा करणेंहि व्यर्थ. ‘विर्’पासून निघालेल्या शब्दावर स्त्रियांनीं सांगितलेला हा हक्क मला फार न्याय्य वाटतो.

शब्द अजून चालतोच आहे. कायद्याच्या कागदांत ‘बाय व्हर्च्यू ऑफ’ ह्या प्रयोगांत त्याची जुनी शक्ति शिल्लक आहे. आणि त्याच्याच वंशांतील ‘व्हर्च्युअल’ हा शब्द आज आपलीं नातवंडें यंत्राच्या पडद्यावरील भेटीगांठींना लावतात. शब्दकोशांत अर्थ बदलायला शतकें लागतात. घरांत मात्र तें काम लौकर होऊं शकतें. मुलगी खरें बोलली, संकटांत डगमगली नाहीं, अन्यायाला ‘नाहीं’ म्हणाली, तर तिलाहि शीलवान् म्हणावें. आणि मुलानें परस्त्रीचा मान राखला नाहीं, तर त्याचेंहि शील गेलें, असें स्पष्ट सांगावें. एवढें आपण केलें, तरी ह्या शब्दांचा अर्धा गमावलेला अर्थ परत मिळेल.