व्यवस्था आणि नेतृत्व



पंगत वेळेवर बसली, हिशेब बिनचूक उतरला, उत्सव निर्विघ्न पार पडला, की आपणांस धन्यता वाटते. ती योग्यच आहे. परंतु पाठशाळेत व्युत्पत्ती शिकविताना एक भेद माझ्या मनावर ठसला. ‘व्यवस्था’ शब्दात ‘स्था’ धातू आहे, त्याचा अर्थ स्थिर राहणे. ‘नेता’ शब्दात ‘नी’ धातू आहे, त्याचा अर्थ नेणे. आहे ते नीट राखतो तो व्यवस्थापक. पुढची वाट दाखवून इतरांस तिच्यावर चालवितो तो नेता. अमेरिकेतील अब्राहम झालेझ्निक यांनी १९७७ साली उद्योगसंस्थांविषयी लिहिताना असाच भेद मांडला होता.

उदाहरण दूर शोधावयास नको. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावी आले. प्रथम भाटे वकिलांच्या घरी आणि नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ते राहिले. तेव्हा त्यांच्यापाशी ना निधी होता, ना पद. पुढे १ मे १८९७ रोजी त्यांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली, आणि १९०१ च्या आरंभी बेलूर मठ गुरुबंधूंच्या विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केला. अध्यक्षपद ब्रह्मानंदांकडे गेले, चिटणीसपद सारदानंदांकडे. ४ जुलै १९०२ रोजी, चाळिशीही गाठण्यापूर्वी, स्वामीजींनी देह ठेवला. कार्य मात्र थांबले नाही. ब्रह्मानंदांनी १९२२ पर्यंत आणि सारदानंदांनी १९२७ पर्यंत, म्हणजे देहान्तापर्यंत, ते निष्ठेने वाहिले. ज्याने दिशा दिली त्याने किल्ल्या वेळीच दुसऱ्यांच्या हाती दिल्या. ज्यांनी किल्ल्या घेतल्या त्यांनी दिशा सोडली नाही. नेतृत्व आणि व्यवस्था यांचा खरा संबंध तो हाच.

आपल्या मठात मराठी आणि कन्नड बोलणारे भक्त एकाच पंगतीस बसतात. त्या पंगतीस तांदूळ किती लागले, हे वहीत सापडते. उद्या ती पंगत टिकावी म्हणून आपण कोणास घडविले, हे मात्र वहीत सापडत नाही. पाठशाळेतील विद्यार्थ्यांस आम्ही आज्ञापालन शिकवितो, पण उत्तरदायित्व क्वचितच सोपवितो. चूक होईल या भयाने मीही अनेकदा त्यांच्या हातचे काम काढून घेतले आहे. व्यवस्था त्यामुळे सुरळीत राहिली. विद्यार्थी मात्र होता तेथेच राहिला.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की येत्या उत्सवातील एका दिवसाचा संपूर्ण भार विद्यार्थ्यांवर सोपवावा. उणे राहील ते आपण सांभाळून घेऊ. श्रीगुरू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवोत, हीच प्रार्थना.