एका कथेचा धनी



न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात दहा वर्षांचा एक पोरगा बेसबॉलच्या सामन्यांच्या बातम्या लिहायचा. सामन्यामागे दहा सेंट मिळत. संपादक त्याचे वडीलच. हा रिचर्ड कॉनेल, जन्म १८९३चा. पुढे हार्वर्ड झालं, वर्तमानपत्रातली नोकरी झाली, जाहिरातींचा मजकूर लिहून झाला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सही पाहून झाला. परतल्यावर त्याने कथांवरच पोट भरायचं ठरवलं. मासिकांना कथा लागतच असत. याने तीनशेच्या वर लिहिल्या.

त्यांतली एक १९ जानेवारी १९२४च्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात आली : ‘द मोस्ट डेंजरस गेम’. रेन्सफर्ड हा नामांकित शिकारी बोटीवरून कॅरिबियन समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटाला लागतो. तिथे जनरल झारॉफचा वाडा. उंची मद्य, सुग्रास जेवण, बोलणं तर कमालीचं अदबशीर! या गृहस्थाला जनावरांच्या शिकारीचा कंटाळा आलाय, म्हणून तो आता माणसांची शिकार करतो. पाहुण्याने तीन दिवस जंगलात तग धरला, तर तो सुटला.

बोटीवर असताना हाच रेन्सफर्ड जनावरांच्या भीतीची टर उडवत होता. तोच आता झाडावर श्वास रोखून बसलाय, खाली झारॉफ सिगारेट ओढतोय. माझ्या मते कथेचा सगळा जीव इथे आहे. लेखक उपदेशाचा एक शब्द बोलत नाही. शेवट मी सांगणार नाही.

१९३२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्यासाठी उभारलेलं जंगलच ‘किंग काँग’मध्येही वापरलं होतं. पुढे ही कल्पना इतक्यांनी उचलली, की मूळ धनी कोण हे विचारायचंही राहून गेलं.

पण कॉनेलला एका कथेचा लेखक म्हणणं मला पटत नाही. १९२२ साली त्याने ‘अ रेप्युटेशन’ लिहिली. तिच्यावरून फ्रँक काप्राचा ‘मीट जॉन डो’ आला आणि मूळ कथेसाठी कॉनेलला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच चित्रपटावरून १९८९चा आपला ‘मैं आज़ाद हूँ’. म्हणजे अमिताभचा तो आझाद या पोकिप्सीच्या माणसाचा वंशज.

कॉनेल १९४९ साली बेव्हर्ली हिल्समध्ये हृदयविकाराने गेला, वय ५६. दोन्ही कथांवर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. जमल्यास दोन्ही वाचा, आणि आधी कमी गाजलेली घ्या.