जानेवारीचे मूल आणि डिसेंबरचे मूल

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले आहेत. त्यामागोमाग शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आहेच. अशा वेळी प्रत्येक शाळेत एक प्रश्न उभा राहतो : कोणती मुले पुढे काढावयाची? या प्रश्नावर आज मी बोलणार आहे. मात्र उदाहरण फार दूरचे घेणार आहे. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर हॉकी खेळतात. तेथे कोवळ्या वयाच्या खेळाडूंची पारख करणे हा काही माणसांचा पोटापाण्याचा व्यवसायच होऊन बसला आहे. ज्या कामास आपण अर्धा तास देतो त्यास ही माणसे वर्षानुवर्षे देतात, आणि तरीही चुकतात. ती कोठे चुकतात हे पाहिले, तर आपल्या कामावर पुष्कळ प्रकाश पडेल, अशी माझी समजूत आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असे गोठवलेल्या बर्फाचे मैदान असते. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात. बुटांच्या तळाशी पोलादी पाती बसवलेली असतात. चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबरी चकती असते. खेळ इतका वेगवान, की गोलरक्षकाखेरीज इतर गडी एका खेपेस मिनिटभरदेखील मैदानात राहत नाहीत. दमून बाहेर येतात आणि ताजे गडी आत जातात. अंगावर अंग आदळणे हा खेळाचा भागच असल्याने उंची व वजन यांस तेथे मोठे महत्त्व येते.

या खेळाची सर्वांत मोठी संघटना ‘नॅशनल हॉकी लीग’ ही १९१७ साली स्थापन झाली. तिचे आज ३२ संघ आहेत. ७ कॅनडात व २५ अमेरिकेत. नवीन मुले संघांनी कशी वाटून घ्यावयाची, यासाठी ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. सर्व संघ दरवर्षी आळीपाळीने एकेका मुलाचे नाव उच्चारतात आणि त्या मुलाला करारबद्ध करण्याचा हक्क त्या संघास मिळतो. आदल्या वर्षी मागे पडलेल्या संघांना प्रथम निवडण्याची संधी मिळते. अगदी वरच्या क्रमांकांसाठी चिठ्ठ्याही टाकतात. पहिला ड्राफ्ट १९६३ साली मॉन्ट्रियल शहरी झाला. तेव्हा संघ सहा होते आणि मुले निवडली गेली २१. आता सात फेऱ्या होतात, म्हणजे दोनशेहून अधिक मुले निवडली जातात. त्यांतील बहुतेक अठरा वर्षांच्या आसपासची असतात.

या मुलांची पारख करणाऱ्यांस तेथे ‘स्काउट’ म्हणतात. आपल्या बालवीर पथकाशी या शब्दाचा संबंध नाही. हा गावोगाव हिंडणारा निरीक्षक असतो. हिवाळाभर तो लहानमोठ्या गावांतील सामने पाहतो आणि टिपणे करतो. १९७५ सालापासून लीगचे स्वतःचे मध्यवर्ती निरीक्षण कार्यालयही आहे. ते मुलांच्या क्रमवार याद्या प्रसिद्ध करते. उत्तर अमेरिकेतील व युरोपातील खेळाडूंच्या निरनिराळ्या आणि गोलरक्षकांच्या आणखी वेगळ्या. शिवाय ड्राफ्टपूर्वी निवडक मुलांना एकत्र बोलावून उंची, वजन, मुठीची पकड, उभ्याने लांब उडी, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवरील दमछाक इत्यादी सर्व मोजून घेतात आणि त्यांच्या मुलाखतीही घेतात.

परंतु जाणता निरीक्षक या आकड्यांवर विसंबत नाही. चकती जवळ असताना मुलगा मान खाली घालतो, की डोके वर ठेवून सोबत्यांकडे पाहतो? चकती दुसऱ्याजवळ असताना तो काय करतो? चूक घडल्यावर हातपाय गाळतो, की लगेच मागे धावतो? स्वतःपेक्षा बलवान संघापुढे त्याचा खेळ कसा होतो? ही उत्तरे एका दिवसात मिळत नाहीत. म्हणून एकच मुलगा पुनःपुन्हा, घरच्या मैदानावर, परक्या मैदानावर, जिंकताना व हरताना पाहावा लागतो.

इतके करूनही काय घडते पाहा. पावेल दात्सुक हा रशियन खेळाडू दोन ड्राफ्टमध्ये कोणीही घेतला नाही. डेट्रॉइट संघाचा निरीक्षक रशियात गेला होता तो दुसऱ्याच एका मुलास पाहण्यासाठी; त्याची नजर या लहानखुऱ्या मुलावर खिळली आणि १९९८ साली दात्सुक १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढल्या वर्षी त्याच संघाने स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग २१० व्या क्रमांकावर घेतला. हे दोघे पुढे त्या संघाचे आधारस्तंभ ठरले, आणि २००८ साली संघाने अजिंक्यपद जिंकले तेव्हा अंतिम स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान झेटरबर्गला मिळाला. मार्टिन सेंट लुई याचे नाव तर कोणत्याच फेरीत कोणी उच्चारले नाही. उंची अवघी पाच फूट आठ इंच! तोच पुढे २००३-०४ च्या हंगामात सबंध लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा व सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. उलट १९९३ साली अलेक्झांडर देगल याला पहिल्या क्रमांकाने निवडून त्याच्यावर आशांचे डोंगर रचण्यात आले. तो वाईट खेळाडू नव्हता. सहाशेहून अधिक सामने खेळला. पण इतरांनी रचलेल्या त्या डोंगराची उंची त्यास गाठता आली नाही, आणि लोकांनी त्यास अपयशी ठरवले.

एकेका खेळाडूच्या बाबतीत पारख चुकणे हे समजण्याजोगे आहे. पण एक चूक अशी आहे, की ती सगळे मिळून वर्षानुवर्षे एकाच दिशेने करीत आले. आपल्याशी संबंध आहे तो तिचाच.

कॅनडात मुलांचे हॉकीचे गट जन्मवर्षाप्रमाणे पाडतात. १ जानेवारी ही सीमारेषा. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, हे दोघे एकाच गटात. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ पत्नीसह कुमारांचा एक सामना पाहावयास गेले होते. हाती असलेल्या पत्रकात खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या. पत्नीच्या ध्यानात आले की, यांतील पुष्कळ मुले वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेली आहेत. बार्न्सलींनी इतर संघांच्या याद्या तपासल्या, तो सगळीकडे हाच प्रकार! कुमारांच्या वरच्या दर्जाच्या संघांत ढोबळ मानाने शंभरांतील चाळीस मुले जानेवारी ते मार्चमधील, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील अवघी दहा. हे संशोधन १९८५ साली प्रसिद्ध झाले.

याचे कारण गूढ नाही. आठनऊ वर्षांच्या वयात दहाअकरा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि बरीचशी ताकद. मोठे मूल उजवे दिसते. शिक्षक त्यास पुढे काढतो. पुढे काढल्यावर त्यास अधिक सराव, अधिक सामने आणि अधिक कौतुक मिळते. त्यामुळे ते खरोखरच उजवे होते! आणि निवडणारा म्हणतो, ‘पाहा, माझी पारख खरी ठरली.’ डिसेंबरचे मूल बाकावर बसते आणि एक दिवस घरीच राहते. चूक स्वतःच स्वतःचा पुरावा निर्माण करते, म्हणून ती सापडत नाही.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध ऐका. १९८० ते २००७ या काळात ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले खेळाडू निवडलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्केच होते. परंतु एकंदर सामन्यांपैकी सुमारे ४२ टक्के सामने त्यांनी खेळले आणि सुमारे ४४ टक्के गुण त्यांनी मिळवले. त्यांच्या योग्यतेच्या मानाने ते चाळीस चाळीस क्रमांक खाली निवडले गेले होते. ज्यांना कमी लेखले, त्यांनीच अधिक दिले. बाकावरून उठून जी थोडी मुले टिकली, ती कष्टाने कसास लागलेली होती, असे याचे कारण सुचवता येईल. पण टिकली नाहीत त्यांचे काय? त्यांची नोंद कोणत्याही यादीत नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. ड्राफ्टची स्वतःची वयाची सीमारेषा १ जानेवारी नसून १५ सप्टेंबर आहे. त्यामुळे ऑक्टोबरात जन्मलेला मुलगा लहानपणी आपल्या गटात धाकटा असतो, आणि ड्राफ्टच्या वर्षी तोच थोरल्यांपैकी एक होतो. मुलगा तोच; रेषा तेवढी सरकली. थोरला आणि धाकटा हे मुलाचे गुण नव्हेत. ती आपण आखलेल्या रेषेची करणी होय.

बंधुभगिनींनो, ही चूक मी स्वतः केली आहे. शिक्षकी पेशात नवा असताना तालुका क्रीडास्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडताना मी मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभे केले आणि पहिली मुले घेतली. ओळीच्या शेवटी एक चपळ पोरगा होता. ‘तुला पुढच्या वर्षी बघू,’ असे मी त्यास सांगितले. पुढच्या वर्षी तो मैदानावर आलाच नाही. पुढे कधीतरी दाखल्याच्या कामासाठी जनरल रजिस्टर उघडले, तेव्हा दिसले की, ओळीतील पहिल्या मुलाहून तो अकरा महिन्यांनी लहान होता. ते रजिस्टर माझ्याच कपाटात होते. मी ते पाहिले नव्हते, इतकेच.

यास्तव माझ्या सूचना साध्या आहेत. एक, कोणत्याही निवडीची यादी करताना नावापुढे जन्मतारीख लिहा. आमच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असे, तेव्हा याचा उपयोग नव्हता. आता जन्मदाखल्यावरून खरी तारीख आपल्याजवळ असते. दोन, एका दिवसाच्या चाचणीवर निर्णय करू नका. निदान तीन वेळा, निरनिराळ्या प्रसंगी मूल पाहा. तीन, मोजता येते तेवढेच पाहू नका. चुकल्यावर मूल काय करते ते अवश्य पाहा. चार, निवड झाली तरी उरलेल्यांचा सराव बंद करू नका, आणि दर सहामाहीस यादी पुन्हा उघडा. हेच वाचनाच्या व गणिताच्या गटांसही लागू आहे. पहिलीच्या वर्गात ‘मंद’ म्हणून मागे बसवलेले मूल कदाचित केवळ दहा महिन्यांनी लहान असेल. सहा वर्षांच्या मुलास एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो!

जानेवारीच्या मुलाचे कौतुक करू नये, असे मी म्हणत नाही. त्याने काही चोरलेले नाही. फक्त त्याच्या उंचीला गुण समजू नका, आणि डिसेंबरच्या मुलाच्या लहानपणाला दोष समजू नका.

त्या संघांजवळ जागा मोजक्या असतात. कोणास तरी वगळणे त्यांस भाग आहे. स्पर्धेचा संघ निवडताना आपल्यालाही तसे करावे लागेल. पण एरवी आपली तशी स्थिती नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल आपल्या स्वाधीन केले आहे. आपल्या हजेरीपटावर शेवटची फेरी नाही. म्हणून उद्या शाळेत गेल्यावर प्रथम रजिस्टर काढा, आपल्या वर्गातील सर्वांत धाकटे मूल कोणते ते पाहा, आणि ते कोठे बसते हेही पाहा.