सामाईक विहिरीचा गाळ कोणी उपसावा?

(कोंडाणे येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



आज सकाळी आपण येथील लेणी पाहून आलो. चैत्यगृहापाशी एका भग्न शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीतील एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचे नाव टिकून राहिले. आज मी ज्या कारागिरांविषयी बोलणार आहे, त्यांच्या श्रमांवर तुमच्या हातातला फोन आणि बँकांचे व्यवहार चालतात. परंतु त्यांची नावे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतील.

संगणकाने काय करावे हे सांगणारी मूळ आज्ञावली पुष्कळ कंपन्या कुलपात ठेवतात. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ती सर्वांसमोर उघडी असते. कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी या चळवळीला आरंभ केला आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. खाजगी मालकीच्या युगात उभे राहिलेले हे एक प्रचंड सामाईक धन आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: घराचा नकाशाच चव्हाट्यावर मांडला, तर चोराचे फावणार नाही काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकीय हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातील मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. हा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरला आणि पसरताना त्याने विंडोज प्रणालीतील एका भगदाडाचाही उपयोग केला. विंडोजची आज्ञावली कुलूपबंद. ते भगदाड अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होते आणि तिने ते हत्यार म्हणून जपून ठेवले होते. पुढे ते हत्यार चोरीला गेले. म्हणजे कुलपाने चोर अडला नाही. अडले ते फक्त शेजारी, ज्यांनी वेळीच हाक दिली असती.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे हा स्वतःच्या पक्षाचा आंधळा अभिमान ठरेल. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाची उणीव उजेडात आली. महाजालावरील गोपनीय व्यवहारांचा फार मोठा भाग या आज्ञावलीवर विसंबून होता. ती उणीव दोन वर्षे सर्वांसमोर उघडी पडलेली होती आणि कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. कारण उघड आहे. ज्या कामावर जगाचा व्यापार चालत होता, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या आज्ञावलीत असेच भीषण भगदाड सापडले. मोठमोठ्या कंपन्यांची धावपळ उडाली. ते बुजवण्यासाठी रात्री जागवल्या त्या मात्र काही स्वयंसेवकांनी.

सर्वांत बोधप्रद प्रकरण २०२४ सालचे आहे. ‘एक्सझेड’ ही माहिती संक्षिप्त करणारी आज्ञावली मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळत होते. ते थकले होते. कामाला उशीर होतो म्हणून काही अनोळखी मंडळी त्यांना टोचत राहिली. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने एक मदतनीस पुढे आला, सुमारे दोन वर्षे निमूट राबला, विश्वास मिळवला आणि अखेर त्याने आत एक चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो जगापुढे आणला. संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून ते मागे लागले होते. आज्ञावली उघडी होती म्हणून त्यांना तळापर्यंत जाता आले. चोर शिरू शकला तो मात्र एका माणसाच्या एकाकी थकव्यातून.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे जुनाच प्रश्न दिसतो. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी भरायचे आणि गाळ काढण्याच्या दिवशी कोणी फिरकायचे नाही! जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे. २००९ सालच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, कालवे आणि मासेमारी अभ्यासून दाखवून दिले, की नियम, देखरेख आणि खर्चाची वाटणी असेल तर सामाईक धन पिढ्यान् पिढ्या टिकते. मुक्त-स्रोताच्या जगात वापराला मर्यादा नाही. तुटवडा आहे तो देखभाल करणाऱ्या हातांचा. आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसल्या आहेत त्या अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्या.

भारत सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्हच आहे. पण वापरण्याचे धोरण म्हणजे जोपासण्याचे धोरण नव्हे. जर्मनीने २०२२ साली अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. परवान्याचा जो खर्च आपल्या सरकारचा आणि बँकांचा वाचतो, त्याचा काही अंश देखभालीकडे वळवावा, अशी मागणी आपण का करू नये? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना अशा आज्ञावली तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून का देऊ नये?

स्वयंसेवकाच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे असते. त्याला मोबदला आणि सोबत देणे खर्चाचे असते. फुकट श्रमांवर उभा राहिलेला कोणताही डोलारा सुरक्षित नसतो, मग तो शेतमजुराच्या पाठीवर असो की संगणकापुढे रात्री जागणाऱ्याच्या. श्रमाचे मोल मागणाऱ्या आपल्या चळवळीने हा नवा श्रमिकही आपलाच मानला पाहिजे.