सरड्याची धाव काचेपर्यंत

(गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



बाप्पाच्या मांडवात सरड्यावर भाषण कशाला, असे काहींना वाटले असेल. पण ज्याने उंदराला आपल्या पायाशी जागा दिली, तो सरड्यालाही हाकलणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या बडोद्यात हल्ली काही घरांतली मुले बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, पाळतात. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. आमच्याही घरी एक आहे. नीट सांभाळला तर तो दहा वर्षे सहज जगतो. चुकीच्या पेटीत मात्र मुकाट्याने खंगत जातो.

वाळवंटातला प्राणी, म्हणजे त्याला सतत तापवायचे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. सरड्याला स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण करता येत नाही. ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही. म्हणून तो सकाळी उन्हात येतो, अंग तापले की सावलीत किंवा बिळात जातो. ही ये-जा हेच त्याचे आरोग्य. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. पेटीतल्या सरड्याची धाव काचेपर्यंतच असते. तेव्हा ऊन आणि सावली दोन्ही त्या काचेच्या आत आपणच ठेवायला हवीत.

पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश. रात्री २० पर्यंत उतरले तरी चालते. आर्द्रता ३० ते ४० टक्के. दोन्ही टोकांना तापमापक हवा. हाताने चाचपून अंदाज बांधू नये. शिवाय यूव्हीबी किरणांची नळी रोज बारा तास हवी. तिच्यावाचून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. उलट काचेची पेटी उन्हात ठेवली तर आत भट्टी होते.

हे आकडे आपल्या हवेत सांभाळणे हीच कसोटी. मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते. तेव्हा उष्णतेचा दिवा चालू ठेवला तर थंड टोक उरतच नाही. दिवा बंद करावा, यूव्हीबी नळी चालू ठेवावी आणि खोली थंड करावी. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र पेटीकडे नको, त्याने ओल वाढते. थंडीत रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावावा. तापणारे दगड टाळावेत, त्यांनी पोट भाजते.

सर्वांत कठीण काळ सध्याचा, श्रावण-भाद्रपदाचा. हवेतच ८० टक्के ओल असते. पेटीला जाळीची हवेशीर बाजू हवी, पाण्याचे भांडे लहान, खाली रोज बदलता येईल असा कागद. खोलीत एसी असेल तर ‘ड्राय’वर ठेवावा. दिव्याखाली बसून तोंड उघडणे नेहमीचे आहे. पण श्वासाला घरघर लागली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर छातीचा संसर्ग समजून पशुवैद्य गाठावा. उलट फार कोरडे झाले तर कात बोटांना आणि शेपटीच्या टोकाला चिकटून आवळते. कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावे. कात ओढू नये.

आणखी एक. कच्छच्या रणातला आपला सांडा हाही असाच ऊन आणि बीळ यांत दिवस वाटून घेणारा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो कुणी विकायला आणला तर घेऊ नका, वनखात्याला कळवा. परदेशी सरडा घेतानाही कागदपत्रे तपासा.

मुलांनी हट्ट धरला तर आधी रिकामी पेटी आणा. पंधरा दिवस दोन्ही टोकांचे आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. आकडे जमले, तरच सरडा आणा. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने तापमापक बोलतो. तो रोज वाचणे, एवढेच आपल्याकडे मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!