तांदळावरची बुरशी आणि कोलेस्टेरॉलची गोळी

पावसाळ्यात पावाच्या कडेला निळसर-हिरवा ठिपका दिसला की आपण तो पाव फेकून देतो. फेकावाच. पण त्याच गोतावळ्यातल्या एका बुरशीची देणगी तुमच्यापैकी कित्येकांच्या गोळ्यांच्या डबीत असेल. रात्री जेवणानंतर घ्यायची ती कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ही बुरशी.

ती हुडकली अकिरा एंडो यांनी. जन्म १९३३चा, उत्तर जपानमधल्या शेतकरी घरातला. अळंबी आणि बुरशीचं वेड लहानपणापासूनचं. त्यांचा तर्क मला फार आवडतो. आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं आणि त्या कामाची किल्ली एका एन्झाइमच्या हाती असते. आता बुरशीला पळता येत नाही. शेजारच्या जंतूंशी लढायचं ते बसल्या जागेवरून, रसायनं सोडून. त्यातल्या कित्येक जंतूंनाही जगायला हेच एन्झाइम लागतं. मग ते बंद पाडणारं अस्त्र एखाद्या तरी बुरशीकडे असणारच!

१९७१मध्ये तोक्योच्या सांक्यो कंपनीत काम सुरू झालं. बुरशी वाढवायची, तिचं पाणी गाळायचं, उंदराच्या यकृताच्या अर्कात घालायचं आणि कोलेस्टेरॉल बनायचं थांबतं का ते बघायचं. नाही थांबलं? पुढची बुरशी. असे सहा हजारांवर नमुने तपासले. १९७३मध्ये जे हवं ते मिळालं, क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. बुरशीचं नाव पेनिसिलियम सिट्रिनम, रसायनाचं कॉम्पॅक्टिन.

आणि उंदरांनी घात केला. परीक्षानळीत नामी ठरलेलं औषध जिवंत उंदरांना आठवडेच्या आठवडे दिलं, तरी कोलेस्टेरॉल ढिम्म. इथे कुणीही फाईल बांधून ठेवली असती. एंडोंच्या एका सहकाऱ्याकडे दुसऱ्याच कामासाठी पाळलेल्या अंड्यांच्या कोंबड्या होत्या. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार. त्यांना औषध घातलं आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं!

पुढे ओसाकातल्या रुग्णांनाही गुण आला. पण कुत्र्यांवरच्या दीर्घ चाचणीत शंका निघाल्या आणि १९८०मध्ये कंपनीने हात आखडता घेतला. बाजारात पहिलं पोचलं ते अमेरिकेतल्या मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन, १९८७मध्ये. तेही बुरशीचंच, फक्त बुरशी वेगळी.

उतारवयात खुद्द एंडोंचं कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टरांनी धीर दिला, काळजी नको, आता चांगली औषधं निघालीत. एंडोंनी गोळी काही घेतली नाही. ते व्यायामाला लागले.