चाक आणि दलाली

पणजीला मांडवीतल्या बोटींवर कॅसिनो चालतात. एकच शून्य असलेल्या रूलेटच्या चाकाला घरं ३७. जिंकणाऱ्याला मूळ रकमेवर मिळतात ३५ पट. प्रत्येक घरावर शंभर लावले तर ३,७०० जातात, ३,६०० येतात. कॅसिनोचा वाटा २.७ टक्के.

आता मोबाइलवरचा शेअर बाजारातला सौदा पाहा. २,००० रुपयांचं ऑप्शन घेताना २० रुपये दलाली, विकताना आणखी २०, वर १८ टक्के जीएसटी. झाले ४७ रुपये २० पैसे, म्हणजे २.३६ टक्के. एसटीटी (रोखे व्यवहार कर), स्टँप ड्यूटी निराळीच!

बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तीन वर्षांत तोटाच झालेला दिसला. सगळ्या वैयक्तिक ट्रेडर्सचा त्या तीन वर्षांतला नुसता व्यवहारखर्च सुमारे ५०,००० कोटी रुपये. शेअर घेऊन दहा वर्षं गप्प बसणारा दलाली दोनदाच मोजतो.